सासऱ्याचं पाणी

भागीरथा लग्न होऊन महादेवरावांच्या घरात आली त्याला आठ वर्षं झाली होती, आणि त्या आठ वर्षांत ती सासऱ्याशी एक शब्द सरळ बोललेली नव्हती. भांडण नव्हतं हो! पण मोर्शीकडच्या शेतकरी घरांत तेव्हा रीतच तशी. सुनेनं सासऱ्यापुढं डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, समोर बसायचं नाही, आणि काही सांगायचंच असेल तर ते सासूला सांगायचं, नाहीतर दाराच्या चौकटीला. सासू मैनाबाई होती तोवर ठीक होतं. ती गेल्यावर चौकट तेवढी उरली. "म्हनाव, जेवन वाढलं," असं भागीरथा चौकटीला सांगायची. महादेवराव भिंतीकडं बघून म्हणायचे, "म्हनाव, आलोच." एवढ्यावर घर चालायचं, आणि बरं चालायचं.

भागीरथा दिसायला बुटकी, सावळी. शिक्षण चौथीपर्यंत. पण हाताला उसंत म्हणून नाही. तिच्या माहेरीही, महादेवरावांचा होता तसा, संत्र्याचा बगीचा होता आणि चार भाऊ असताना पाण्याच्या पाळीवर हीच जायची. कुठल्या आळ्यात पाणी पोचलं, कुठं पाट फुटला, हे तिला लांबून आवाजावरून कळायचं. महादेवरावांनी सून पसंत केली ती याच एका गोष्टीवर. रंग काळासावळा की गोरा, याची चौकशी बायकांनी केली. त्यांनी फक्त विचारलं होतं, "पोरीले बगीच्यातलं समजते का?"

चौसष्ट सालची संक्रांत झाली आणि महादेवरावांची पाठ दुखायला लागली. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, जन्म कष्टात गेलेला; पाठ दुखणारच, असं सगळ्यांनी धरलं. तेल झालं, शेक झाला, कोणी बिब्बा लावायला सांगितला तोही लावला. शेवटी उत्तमरावानं, म्हणजे भागीरथेच्या नवऱ्यानं, बापाला अमरावतीला नेऊन छातीचा फोटो काढला. डॉक्टरनं तो फोटो उजेडात धरून दोनदा पाहिला. मग म्हणाला, काळजातून निघून पोटाकडं उतरणारी जी रक्ताची मोठी नळी असते, तिला छातीत फुगा आला आहे. फुटला तर मोर्शीपर्यंतही पोचणार नाही. मुंबईला न्या, आणि आजच निघा. त्याच रात्री बडनेऱ्याहून दोघं बाप-लेक मुंबईच्या गाडीत बसले.

मुंबईच्या सर्जननं काहीही लपवलं नाही. फुग्याचा भाग कापून तिथं कापडाची नळी शिवायची, असं त्यानं सांगितलं. महादेवरावांनी विचारलं, "कापूस आपल्या वऱ्हाडाचा हाय का?" सर्जन हसला, म्हणाला, "कापूस नाही, विलायती धागा आहे." पण मग तो गंभीर झाला. नळी शिवताना ती वर-खाली चिमट्यानं बंद ठेवावी लागते. पाठीच्या कण्यातला जो मज्जारज्जू असतो, ज्याच्या जोरावर माणूस पाय हलवतो, त्याला रक्त पुरवणारे बारीक फाटे याच नळीतून निघतात. तेवढा वेळ त्याला रक्त मिळालं नाही तर जीव वाचतो आणि पाय जातात. म्हणून आम्ही अंग बर्फानं गार करू, रक्ताला बाजूनं दुसरी वाट काढून देऊ आणि हात लवकर चालवू. एवढं करूनही हमी मात्र देता येत नाही.

महादेवराव शुद्धीवर आले तेव्हा सर्जननं नाव-गाव काही विचारलं नाही. "पाय हलवा," एवढंच म्हणाला. महादेवरावांनी दोन्ही पाय हलवले. उत्तमराव पुढं सांगायचा, एवढा मोठा सर्जन, पण चेहरा असा खुलला जसा काही स्वतःच्या बापाचेच पाय हलले.

महिन्याभरानं सोडलं ते अटी घालून. अकोल्याचे कमलाकांत डॉक्टर या सर्जनच्या हाताखाली शिकलेले. त्यांच्या दवाखान्याजवळ दोन महिने राहायचं. पायऱ्या चढ-उतर करायच्या नाहीत, उकिडवं बसायचं नाही, सगळं खाटेवरच. म्हणून पार्बताबाई नावाच्या म्हातारीच्या घरात दोन खोल्या घेतल्या. दोन्ही लेकी नणंदेकडं ठेवून भागीरथा अकोल्याला आली.

कमलाकांत डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी मुंबईचं पत्र वाचून समजावलं. मज्जारज्जूला जाणाऱ्या फाट्यांतले काही ऑपरेशनात बांधावे लागले आहेत. उरले आहेत त्यांच्यावर सगळी भिस्त. अंगातलं पाणी कमी झालं की रक्ताचा दाब उतरतो, आणि दाब उतरला की आधी तिथलं रक्त तुटतं.

"म्हंजे पाटाच्या पार शेवटचं झाड," महादेवराव म्हणाले. "विहिरीले पानी कमी झालं का आधी तेच वायते."

"अगदी तेच," डॉक्टर म्हणाले. "म्हणून दिवसाला सात-आठ तांबे पाणी. अकोल्याचा उन्हाळा आहे, हयगय नको. आणि पायांवर लक्ष ठेवा."

पायांवर लक्ष ठेवायची भागीरथेची स्वतःची तऱ्हा होती. अकोल्याला आल्यापासून ती रोज सकाळी खाटेच्या पायथ्याशी वाकून सासऱ्याच्या पायावर डोकं टेकवायची. महादेवराव तोंडानं आशीर्वाद द्यायचे नाहीत, पण उजव्या पायाचा अंगठा हळूच वर उचलायचे. तो तिच्या कपाळाला लागला की ती उठायची आणि चहाला लागायची.

चैत्र लागला आणि उत्तमरावाला मोर्शीला जावं लागलं. मृगाच्या बहाराचा बगीचा होता त्यांचा. उन्हाळ्यात अशा झाडांचं पाणी महिना-सव्वा महिना तोडतात. ताण देणं म्हणतात त्याला. झाड पानं गाळतं, मेल्यासारखं दिसतं, आणि पाऊस आला की फुलांनी लदबदून जातं. हे काम मजुरांवर सोडता येत नाही, एखादा दयाळू गडी चोरून पाणी सोडून देतो. तर उत्तमराव गेला, आणि जाताना दवाखान्यातल्या एका माणसाला लावून गेला. तो सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा येऊन महादेवरावांचं अंग पुसायचा, भांडं द्यायचा, भांडं न्यायचा.

पण सकाळ आणि संध्याकाळ यांच्या मधे अख्खा दिवस असतो ना! लघवीचं भांडं खाटेखालीच होतं, महादेवरावांचे हातही धड होते. पण नंतर ते भांडं उचलणार कोण? सून. डोक्यावर पदर घेतलेली, ज्या सुनेशी ते भिंतीकडं बघून बोलायचे ती सून! छे छे. महादेवरावांनी मनातल्या मनात कानाला खडा लावला. पाणीच प्यायचं नाही. संध्याकाळचा माणूस यायच्या आधी दोन घोट, तो गेला की एक फुलपात्र, बस. दिवसाचं पाणी मात्र सून तांब्यानं आणून ठेवायची, आणि तांबा भरलेला दिसला असता तर तिनं डॉक्टरला सांगितलं असतं. म्हणून ती आत गेली की ते तांबा उशाच्या खिडकीतून बाहेर रिता करायचे.

भागीरथा मोठी खुशीत होती. तांबा भरून ठेवावा की घटकेत रिकामा. "मामाजी पानी लय पेते जी," असं तिनं कमलाकांत डॉक्टरांना दोनदा कौतुकानं सांगितलं. एकच गोष्ट तिच्या डोक्यात शिरत नव्हती. गल्लीतलं एक तांबडं कुत्रं भर दुपारी सावली सोडून त्या खिडकीखालीच येऊन पडायचं. तिनं दोन-तीनदा त्याला हाडहाड केलं. ते उठायचं, अंग झाडायचं आणि परत तिथंच पसरायचं.

उत्तमराव गेल्यापासून नवव्या दिवशी सकाळी ती वाकली, डोकं टेकवलं, आणि वाट बघत राहिली.

अंगठा उठला नाही. झोपेत असतील म्हणून तिनं मान वर करून पाहिलं. महादेवराव टक्क जागे होते, आपल्या पायाकडं बघत होते, आणि त्यांच्या कपाळावर घाम होता. ते जोर लावत होते. पाय जागचा हलत नव्हता. डावाही नाही.

भागीरथा ताडकन उठली. पदर कुठं, चपला कुठं, कशाचं भान नाही. ती तशीच दवाखान्याकडं धावत सुटली. गल्लीतले लोक बघत राहिले. कमलाकांत डॉक्टर दात घासत होते, ते तसेच पिशवी घेऊन निघाले.

त्यांनी दंडाला पट्टा बांधून दाब पाहिला. पुन्हा पाहिला. जीभ बघितली, हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली. चिमटीची घडी तशीच उभी राहिली. "दाब ऐंशीवर आलाय," ते म्हणाले. "पाणी किती पितात?"

"सात तांबे. कवा कवा आठ," भागीरथा म्हणाली.

"आठ तांबे पिणाऱ्या माणसाची जीभ अशी लाकडासारखी नसते, बाई."

महादेवरावांनी डोळे मिटून घेतले. भागीरथेची नजर त्यांच्या तोंडावरून खिडकीकडं गेली. ती घराला वळसा घालून मागं गेली. अकोल्याची ती धग, सगळीकडं भेगाळलेली जमीन, आणि खिडकीखाली मात्र हातभर चिखल! त्यात कुत्रं पोट टेकून निवांत पडलेलं. पाण्याच्या पाळीवर वाढलेली बाई ती. आपल्याच घरात पाणी कुठं मुरतंय ते आपल्याला नऊ दिवस कळलं नाही, याची तिला इतकी शरम वाटली की ती भिंतीला टेकून उभी राहिली. आणि मग तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती आत आली तेव्हा डॉक्टरांनी भिंतीच्या खिळ्याला सलाईनची बाटली लावली होती, लघवीला रबरी नळी घालून तिचं टोक खाटेखालच्या भांड्यात सोडलं होतं. भागीरथेनं खिडकीखालचा चिखल त्यांना सांगितला. ते कपाळाला हात लावून खाली बसले. "दवाखान्यात हीच एक बाटली होती," ते म्हणाले. "मी मोठ्या दवाखान्यातून आणखी आणतो, तास लागेल. हिच्यानं दाब थोडा चढेल, पण तोंडानं पाणी गेलंच पाहिजे. घोट घोट, सारखं. आज दाब वर आला तर पाय येतील. आज नाही आला तर मग ते कोणाच्याच हातात नाही." एवढं सांगून ते सायकलवर बसले.

घरात दोघंच राहिले. भागीरथेनं फुलपात्र भरलं आणि चौकटीकडं बघून म्हणाली, "म्हनाव, पानी घ्या."

महादेवरावांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. "म्हनाव, संध्याकायी पेईन."

झालं! आठ वर्षांची रीत त्या क्षणी संपली. भागीरथा चौकट सोडून खाटेपाशी आली, जमिनीवर बसली नाही, सरळ खाटेच्या कडेवर बसली.

"मामाजी, इकडं पाहा. पानी प्या."

महादेवराव असे दचकले की सलाईनची नळी हलली. त्यांनी सुनेचं तोंड एवढ्या जवळून कधी पाहिलंच नव्हतं.

"संध्याकायी तो मानूस आला का…"

"संध्याकायलोक पाय राह्यतीन का? डाक्टर काय बोलले ते आयकलं नाई तुमी? काहून करून राहिले असं?"

"अवो, ताण सोसतो मी," म्हातारा पुटपुटला. "बगीच्याचं पानी महिना महिना तोडतो आपन. झाड मरते का? मले वाटलं, मानसाले का नाई जमनार?"

"फळ धरत्या झाडाले ताण देते मानूस!" भागीरथेचा आवाज बाहेर पार्बताबाईपर्यंत गेला. "नव्या कलमाले ताण देल्ला व्हय कवा तुमी? अंगात नवी नळी बसोली, दोन मैने नाई झाले तिले, अन् तुमी ताण द्याले निंगाले! एवढा बगीचा उभा केला तुमी, अन् आपल्या अंगाचं कयत नाई?"

महादेवरावांनी खाटेखाली बोट दाखवलं. ते म्हणाले, "तुले कसं सांगू वो. ते भांडं… ते तुले उचला लागलं असतं. घरची लक्ष्मी तू. मैनाबाई असती त गोष्ट येगळी व्हती. तुह्यापुढं मले मेल्यासारखं व्हते."

आता भागीरथेला सगळं कळलं. तिच्या रागाचं क्षणात पाणी झालं. पण ती रडत बसली नाही. तिला त्यांचा फार लळा होता, आणि तो लळा आहे हे तिचं तिलाही आत्ताच कळत होतं.

"मामाजी, सासूबाई चार मैने पडून व्हत्या, तवा त्यायचं कोनं केलं? तुमचं धोतर आठ वर्सं कोन धुते? तवा नाई लाजले," ती हळू आवाजात म्हणाली. "आता मी सांगतो ते आयका. आज पानी पेलं त चार दिवस तुमाले लाज वाटन. नाई पेलं अन् पाय गेले, त सारं जलमभर मलेच करा लागन, अन् जलमभर तुमाले लाज वाटन. बोला. चार दिवस लाजता का जलमभर?"

महादेवरावांनी तोंड उघडलं. तिनं डाव्या हातानं त्यांचं डोकं उचललं, उजव्या हातानं फुलपात्र लावलं. पहिल्यांदाच हात लागला होता सुनेचा. डोळ्यांतून धार लागली होती आणि ते गटागटा पीत होते. पार्बताबाई दारात उभी राहून "बाप्पा, बाप्पा" करत होती. भागीरथेनं तिला माठ भरून आणायला पिटाळलं.

दिवसभर तिनं पाणी दिलं. साधं पाणी, मीठ-साखरेचं पाणी, ताक, कैरीचं पन्हं. डॉक्टर दर तासाला पट्टा बांधून आकडा सांगायचे. नव्वद. अठ्ठ्याण्णव. एकशे दहा. दिवेलागणीला डाव्या पायाचा अंगठा किंचित हलला, इतका किंचित की डॉक्टरांना वाटलं आपल्याला भास झाला. भागीरथा म्हणाली, "हालला जी. मी पाह्यला." दुसऱ्या दिवशी डावा पाय गुडघ्यात वाकला. उजवा मागं राहिला, पण चौथ्या दिवशी तोही बोटं हलवू लागला. तार मिळाल्यावर उत्तमराव बगीचा तसाच टाकून आला आणि बापाच्या खाटेशी बसून राहिला.

सहाव्या दिवशी सकाळी कमलाकांत डॉक्टरांनी लघवीची रबरी नळी काढली. काढताना त्यांनी उत्तमरावाला आणि भागीरथेला बाजूला घेतलं. "पाय येतायत, पण खरी परीक्षा आज आहे," ते म्हणाले. "लघवीची जाणीवही त्याच मज्जारज्जूतून येते. दुपारपर्यंत त्यांना स्वतःहून लघवीला लागलेलं कळलं, तर आपण जिंकलो. नाही कळलं तर नळी पुन्हा घालावी लागेल, आणि मग ती बहुतेक कायमचीच."

नेमक्या त्याच दिवशी पार्बताबाईनं ओसरीवर शेवया मांडल्या होत्या. गल्लीतल्या दहा-बारा बायका जमलेल्या. भागीरथेलाही बसवलं. ती बसली, पण लक्ष सगळं आतल्या खोलीकडं. दहा वाजले, अकरा वाजले. ती मधेच उठून आत पाणी देऊन यायची. महादेवराव मुकाट्यानं प्यायचे आणि मान हलवायचे. बारा वाजले. आतून काहीच नाही. बायका हसत-खिदळत होत्या, माहेरची गाणी म्हणत होत्या, आणि भागीरथेच्या हातातल्या शेवया तुटत होत्या. "तुह्यं ध्यान कुठी हाय वो?" पार्बताबाई ओरडली. भागीरथेनं मान खाली घातली. आपण त्या दिवशी ओरडलो, पाणी पाजलं, पण ते उशिरा तर झालं नसेल ना, हा एकच विचार तिला पोखरत होता. नऊ दिवस! नऊ दिवस आपण तांबा रिकामा बघून हुरळत होतो.

साडेबारा झाले असतील. आतून महादेवरावांचा आवाज आला. हा आवाज बगीच्यातला होता, या टोकावरून त्या टोकाला गड्याला हाक मारतात तसला. गेल्या तीन महिन्यांत तो कुणी ऐकला नव्हता.

"भागीरथा! अवो भागीरथा! भांडं आन वो लवकर!"

ओसरीवरची गाणी थांबली. बायकांनी पदर तोंडाशी नेले. सासऱ्यानं सुनेचं नाव घेऊन हाक मारली, दहाजणींच्या समोर, आणि तीही असल्या कामासाठी! एकीला हसू आवरेना, दुसरीनं तिला चिमटा काढला. उत्तमराव तर बापाच्या हाताशीच बसलेला होता, भांडं त्याच्या पायापाशी होतं. तरी हाक त्याला नव्हती.

"येऊन राहिली मामाजी, येऊन राहिली!" भागीरथा ओरडली. तिनं शेवयांचा पाट ढकलून दिला, पिठाच्या हातांनीच डोळे पुसले, आणि डोक्यावरचा पदर खांद्यावर पडलेला तसाच ठेवून ती आत धावली.